तान्ह्याची सावली

दुष्काळाची गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना सांगता येते. कुठल्या विहिरीनं कधी तळ दाखवला, कुणाची बैलजोडी मातीमोलानं गेली, मिलोची लाल भाकरी घशाखाली कशी उतरत नव्हती, हे माणसं तासन्‌तास सांगतात. पण त्या उन्हाळ्यात गावातली तान्ही लेकरं कुठं होती, असं विचारलं की सांगणारा थांबतो. गडीमाणूस असेल तर म्हणतो, "असतील की बायकांबरोबर." बाई असेल तर जरा वेळानं म्हणते, "झोळीत हुती." एवढंच. मला त्या झोळीची हकीकत लिहायची आहे.

खंडाळा म्हटलं की लोकांना लोणावळ्याशेजारचं थंड हवेचं गाव आठवतं. आमचं खंडाळा ते नव्हे. आमचं सातारा जिल्ह्यातलं. पुण्याकडून येताना नीरा ओलांडली की शिरवळ लागतं, मग खंडाळा आणि पुढं खंबाटकीचा घाट. पश्चिमेला डोंगर आणि पूर्वेला लोणंदकडं उतरत गेलेला माळ. पाऊस डोंगरात अडतो, माळाच्या वाट्याला उरलासुरला येतो. चैत्र सरता सरता पारा चाळिशीकडं सरकू लागतो आणि वैशाखात दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. असल्या उन्हात मोठं माणूस सावली शोधतं, पाणी मागतं, अंगावरचं काढून टाकतं. तान्ह्याला यातलं काहीच करता येत नाही. त्याला कूस बदलता येत नाही, तहान लागली हे सांगता येत नाही. वजनाच्या मानानं त्याचं अंग उघड्या हवेला जास्त लागतं, त्यामुळं ते लवकर तापतं, आणि घामानं अंग थंड करण्याची ताकद अजून पुरती आलेली नसते. म्हणजे तान्ह्याचा उन्हाळा हा त्याचा नसतोच. त्याच्याजवळ जो बसलाय, त्याच्या हातात तो असतो.

आमच्या जुन्या घरात याची व्यवस्था होती. ती कुणी पुस्तकात वाचून केली नव्हती. दगडमातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, वर माळा, माळ्यावर धान्याच्या कणग्या आणि जुनं सामान, त्याच्यावर कौलं. ऊन कौलांवर पडायचं, पण खालच्या माजघरात पोचेपर्यंत त्याचा जोर सरलेला असायचा. बाळंतिणीची बाज माजघरातच. सोप्यात वारा असला तरी दुपारी तिथं झळा यायच्या, म्हणून तान्ह्याला सोप्यात आणायचं ते दिवस कलल्यावर. शेणानं सारवलेल्या जमिनीवर आजी दुपारी पाण्याचा हबका मारायची. आढ्याला झोळी बांधलेली असायची, ती जुन्या सुती लुगड्याची. नवं कापड झोळीला कधी वापरत नसत. "नव्याला खळ असती, वारा न्हाय जात," आजी म्हणायची. धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्यातून खालूनही वारा लागतो, आणि गादीवर पाठ जशी घामानं चिंब होते तशी झोळीत होत नाही. आमच्याकडं विंचवाचं भय मोठं, त्यामुळं तान्हं जमिनीवर टाकायचं नाही हाही त्यात हिशेब होता.

माजघराचं शहाणपण शहराला फार उशिरा कळलं. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६ अंशांच्या पुढं गेला होता. तिथल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, थेट तापलेल्या छताखाली. उन्हानं आजारी पडून दाखल होणारी बाळं त्या कक्षात वाढली. पुढं तो कक्ष खालच्या मजल्यावर हलवला, तेव्हा उन्हानं आजारी पडणाऱ्या बाळांची संख्या चांगलीच घटली. डॉक्टरांनी त्यावर रीतसर अभ्यास छापला. २०१३ साली अहमदाबादेनं उष्णतेच्या लाटेसाठी आराखडा केला, तो देशातल्या पहिल्या आराखड्यांपैकी एक. हे मी वाचलं तेव्हा मला आजीचं "वर नगं, माजघरात" आठवलं.

पण जुनं ते सगळंच सोनं होतं असं सांगणाऱ्यांतली मी नाही. तीस वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून घरोघर फिरले, त्यात जुन्याचं बरंवाईट दोन्ही बघितलं. ऐन वैशाखात बाळंतिणीच्या खोलीची दारं-खिडक्या लावून आत शेगडी पेटवलेली, वर ओव्याची धुरी, आणि तान्ह्याच्या डोक्यावर कानापर्यंत बांधलेली कुंची. बाहेर चाळीस, आत त्याहून जास्त. बाळंतिणीला वारा लागू नये ही समजूत पावसाळ्या-हिवाळ्यातली, ती उन्हाळ्यातही तशीच चालवायची. तान्हं लालबुंद होऊन रडायचं, मग पोट दुखतंय म्हणून घुटी चाटवायची. घुटीत मध. आता डॉक्टर सांगतात की वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, त्यातून होणारी विषबाधा लहान आतड्यांना झेपत नाही.

कांद्याचंही तसंच. लोणंदच्या बाजारात कांद्याचे ढीग लागतात, त्यामुळं आमच्या भागात प्रत्येक दुखण्यावर कांदा. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, तान्ह्याच्या तळपायाला कांद्याचा रस चोळला की उष्णता उतरते. कांदा भाकरीबरोबर चांगला, पण खिशातला कांदा कुणाचं ऊन अडवत नाही. आणि रस चोळून झाला म्हणून घरचे निर्धास्त होतात, हा त्याचा खरा तोटा. मलूल पडलेल्या बाळावरून मीठ-मोहऱ्या ओवाळण्यातही तेच. ओवाळायला कुणाची हरकत नाही, पण ओवाळून झाल्यावर सांजेपर्यंत वाट बघायची, यात लेकरू हातचं जातं.

एक खूण मात्र आजीची आणि डॉक्टरांची अगदी सारखी निघाली. रोज सकाळी टाळू भरताना आजी तेलाचं बोट फिरवून बघायची. टाळू सपाट असली तर ठीक. खोल गेली असली तर म्हणायची, "टाळू बसलीया, अंगातलं पाणी सरलंय." दुसरी खूण लंगोटांची. दोरीवर वाळत घातलेले लंगोट ती मोजायची. कमी दिसले की सुनेला विचारायची, "आज लेकरू वलं का झालं न्हाय?" दवाखान्यातली नर्सताई आज हेच विचारते. दिवस-रात्र मिळून सहा वेळा तरी लघवी झाली का, टाळू खोल गेली का, तोंड कोरडं पडलं का, बाळ दूध ओढतंय का.

आता हे सगळं माजघर, ही झोळी, ही आजी, घरी थांबू शकणाऱ्या बाईच्या नशिबात. जिला रोजगारावर जायचं तिचं तान्हं कुठं ठेवायचं, याचं उत्तर माजघरात नव्हतं. आणि आमच्या माळरानावर घरी थांबू शकणाऱ्या बाया थोड्याच होत्या.

हा प्रश्न जुना आहे. आमच्या तालुक्यातलं नायगाव हे सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव. ३ जानेवारी १८३१ चा त्यांचा जन्म. मुलींच्या शाळेमुळं त्यांना सगळे ओळखतात, पण त्यांच्या आयुष्यात तान्ह्या आणि लहान लेकरांचं काम सारखं येत राहतं. १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात सत्यशोधक समाजानं पुण्याजवळ धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला, मुलांना तिथं रोज जेवण मिळायचं. जोतीरावांनी त्याच्या मदतीसाठी आवाहन केलं ते १८७७ च्या मे महिन्यात, म्हणजे भर उन्हाळ्यात. आई-बाप कामाच्या, अन्नाच्या शोधात भटकत असताना पोरांना एका जागी छप्पर आणि घास मिळाला पाहिजे, हे त्या लोकांना दीडशे वर्षांपूर्वी कळलेलं होतं.

पुढं आमच्या भागातली माणसं मुंबईला गिरणीत गेली. साताऱ्याच्या माणसांनी गिरणगावातल्या चाळी भरल्या. ज्या बाया स्वतः गिरणीत लागल्या, त्यांचं तान्हं चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पडून राहायचं. ते दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी देत. तिला नाव किती गोड, बाळगोळी! ही पद्धत इतकी रुळलेली होती की कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटले कमिशनच्या १९३१ च्या अहवालातही तिची दखल घेतलेली आहे. कोंदट खोली, उन्हाळा, आणि अफूनं गुंगलेलं बाळ. त्याला भूक लागली तरी ते रडणार नाही, तहान लागली तरी रडणार नाही. रडणं ही तान्ह्याची एकुलती एक हाक, तीच बंद केलेली. त्या आईला दोष देणं सोपं आहे. पण खाडा केला तर खोलीचं भाडं कुठून द्यायचं, याचं उत्तर दोष देणाऱ्यानं आधी द्यावं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला, आणि त्यातली झोळी मी स्वतः ओढलेली आहे.

मी तेव्हा तिसरीत होते. १९७२ चा पाऊस गेला, आणि दिवाळीनंतर गावातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर. कुठं पाझर तलाव, कुठं नालाबंडिंग, कुठं रस्त्याची खडी. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर अशा कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती असं सरकारी आकडे सांगतात. त्यांत बायांची संख्या फार मोठी. आणि बाया म्हटलं की त्यांच्याबरोबर तान्ही पोरं आलीच. तान्ही आली की त्यांना धरायला कुणीतरी हवं. ते कुणीतरी म्हणजे आमच्यासारख्या आठ-दहा वर्षांच्या पोरी.

कामावर एकच मोठी बाभूळ होती. तिच्या फांद्यांना सात-आठ झोळ्या. खाली आम्ही पाच-सहा पोरी, प्रत्येकीकडं आपल्या घरचं एक आणि शेजारणीचं एक. बाभळीची सावली विरळ, तिच्यातून ऊन गाळून येतं. शिवाय सावली एका जागी राहत नाही. सकाळी फांदीच्या अलीकडं बांधलेली झोळी दुपारी बाराला उन्हात यायची, मग ती सोडून पलीकडं बांधायची, तीनला परत अलीकडं. आजीनं निघताना बजावलेलं असायचं, "सावली सरकती, पोरी. तिच्यामागं लेकरू सरकवायचं. खेळत बसू नगं." झोळीच्या तोंडावर जाड वाकळ टाकायची नाही, आत कोंडतं, पातळ फडकंच टाकायचं आणि तेही एका बाजूनं उघडं ठेवायचं. बाभळीचे काटे वेचायचे, मुंगळे झाडायचे. पाणी लोखंडी ड्रमात, दुपारपर्यंत ते चहासारखं गरम. त्यात फडकं भिजवून वाऱ्यावर धरलं की गार व्हायचं, ते तान्ह्याच्या हातापायाला, मानेला, काखेत पुसायचं. हे आम्हाला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. त्या वर्षी तर आम्ही शाळेत नव्हतोच.

आई दोनदा पाजायला यायची. घमेलं खाली ठेवून, पदरानं तोंड पुसून, पहिल्यांदा स्वतः दोन तांबे पाणी प्यायची आणि मग माझ्या धाकट्या भावाला घ्यायची. मुकादम तिकडून ओरडायचा, "किती येळ चाललंय गं?" तिथं सुकडी वाटायचे, बाया आपल्या वाट्याची सुकडी पोरींना द्यायच्या. पोरं सांभाळणाऱ्या पोरींचं नाव मस्टरवर नव्हतं. मजुरी दगड फोडणाऱ्याला, माती वाहणाऱ्याला. सावलीत बसण्याची मजुरी कसली?

वैशाखातली एक दुपार मला अजून लख्ख आठवते. पलीकडच्या टोळीतल्या एका बाईचं तीन महिन्यांचं लेकरू आमच्या बाभळीला असायचं. त्याला धरणारी पोर माझ्याच वयाची. ती मला म्हणाली, "ह्ये रडंनाच झालंय. सकाळधरनं वलंबी न्हाय." मी बोट लावून बघितलं, आजी बघायची तसं. टाळूला खळगा पडला होता. आम्ही दोघी माती वाहणाऱ्या रांगेतून पळत त्याच्या आईकडं गेलो. ती आली, तिनं तोंडाला लावलं, पण ते ओढेना. मग ती त्याला पदराखाली घेऊन दवाखान्याच्या वाटेला लागली. वाट काही कोसांची, वाहन नाही, सावली नाही. संध्याकाळी बातमी आली की लेकरू वाटेतच गेलं. चौथ्या दिवशी ती बाई परत कामावर आली. मस्टरवर तिचे तीन खाडे मांडलेले होते. त्या लेकराची नोंद कुठंच झाली नाही. ते दुष्काळानं गेलं नाही, भुकेनं गेलं नाही, साथीनं गेलं नाही. नुसतं उन्हानं गेलं, आणि उन्हासाठी कुठल्याच वहीत रकाना नव्हता.

ती पोर त्यानंतर शाळेत गेलीच नाही. मी गेले, कारण आमचा भाऊ पुढच्या वर्षी चालता झाला आणि आजी कामावरून घरी बसली. माझ्या वर्गातल्या किती पोरींची शाळा झोळीच्या दोरीला बांधली गेली, हे मी पुढं अंगणवाडीच्या सर्व्हेला घरोघर फिरताना मोजलं. "किती शिकलात?" म्हटलं की, "दुसरी. मग धाकटं झालं." "तिसरी. मग भावाला धरायचं होतं." सावित्रीबाईंच्या तालुक्यातली ही उत्तरं आहेत. तान्ह्याच्या सावलीची किंमत द्यावीच लागते. आईनं नाही दिली तर ती थोरल्या बहिणीच्या पाटी-पेन्सिलीतून वसूल होते.

यावर उपाय माहीत नव्हता असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात कोसबाडला विकासवाडी केली, तिच्यात पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. त्यामागचा विचार साधा होता. धाकट्याला ठेवायला जागा झाली की थोरली आपोआप वर्गात येऊन बसते. १९६९ साली दिल्लीत गांधी शताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं, तिथल्या मजूर बायांची बाळं धुळीत-उन्हात पडलेली बघून मीरा महादेवन यांनी बांधकामावरच पाळणाघर सुरू केलं. 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था त्यातून उभी राहिली.

रोजगार हमीचा विचार आमच्या शेजारचा, सांगली जिल्ह्यातला. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात १९६५ साली तो आधी करून बघितला. राज्याचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्या योजनेत कामावर पिण्याचं पाणी, सावली आणि लहान मुलांची सोय या गोष्टी लिहिल्या गेल्या. पुढं २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात तर नेमकं आलं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं, आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. बाभळीखाली आम्ही पोरी जे फुकट करत होतो, त्याला पहिल्यांदा काम म्हटलं गेलं. वाचून मला बरं वाटलं. पण किती कामांवर अशी बाई नेमलेली दिसते, ते वाचणाऱ्यांनी आपापल्या गावच्या कामावर जाऊन बघावं.

अंगणवाडी आली, त्यानंही पुरतं भागलं नाही. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, ती हळूहळू आमच्या गावापर्यंत पोचली. पण अंगणवाडीत येऊन बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं. त्याखालच्या बाळाचं वजन आम्ही करायचो, लस टोचायला न्यायचो, घरी आहार द्यायचो. ते बाळ दिवसभर ठेवून घ्यायची सोय नव्हती. म्हणजे उन्हाचा सगळ्यात जास्त धोका ज्याला, त्यालाच जागा नाही. २०२२ पासून केंद्र सरकारच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढता येतं. अशी पाळणाघरं गावोगाव व्हायला हवीत.

आता आमचं गाव बदललंय. माजघरं गेली, सिमेंटच्या आणि पत्र्याच्या खोल्या आल्या. शिरवळ-खंडाळ्याला एमआयडीसी आल्यापासून कामाला आलेली कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत राहतात. वर पत्रा, खाली फरशी, एक खिडकी. दुपारी पत्रा असा तापतो की आत भाकरी भाजावी. वीटभट्टीवरच्या खोपटांचंही तेच. कारखान्यांसाठी पाळणाघराचा जुना कायदा १९४८ चा होता. तीसपेक्षा जास्त बाया कामाला असल्या तर पाळणाघर हवंच, असं त्यात होतं. २०१७ पासून पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेलाही तो नियम लागला. पण ठेकेदाराकडून जाणारी बाई याबद्दल विचारायला धजत नाही. "इचारलं तर उद्या यिऊ नगं म्हनतील," हे मी खूपदा ऐकलंय.

म्हणून जोवर हे होत नाही तोवर जे हातात आहे ते तरी नीट करावं, असं मी बायांना सांगत आले. तेच इथं लिहिते.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही. आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं, तेच त्याला जास्त वेळा पाजायचं. पाणी आईनं प्यायचं. पाजायला बसताना शेजारी तांब्या ठेवायची माझ्या आईची सवय हीच खरी. सहा महिन्यांनंतर उकळून गार केलेलं पाणी थोडं थोडं द्यावं. एकच पातळ सुती अंगडं पुरे. घरात टोपडं, मोजे, कुंची नको. पत्र्याच्या खोलीत पत्र्यावर कडबा किंवा ओलं गोणपाट टाकावं, आणि दुपारी बाळाला घेऊन झाडाखाली किंवा गावातल्या जुन्या घराच्या सोप्यात नाहीतर देवळाच्या मंडपात बसावं. आजूबाजूला असं एखादं घर असतंच, आणि त्या घरची म्हातारी नाही म्हणत नाही. पंखा चालतो, पण झोत थेट अंगावर नको. घामोळ्यावर पावडरचा थर देऊ नये, साध्या पाण्यानं पुसून अंग मोकळं ठेवावं. बर्फाचं पाणी तान्ह्याला लावू नये.

मोटारसायकलवरून बाळाला न्यायची आता पद्धत झालीय. आई मागं बसते, बाळ शालीत गुंडाळून छातीशी धरलेलं, वर ऊन, खालून तापलेला डांबरी रस्ता. शालीत वारा जात नाही, आणि आत काय चाललंय ते आईला दिसत नाही. लग्नसराई वैशाखातच येते हे खरं, पण तान्ह्याला घेऊन निघायचं तर सकाळी आठच्या आत नाहीतर दिवस कलल्यावर. बंद गाडीत तर बाळाला पाच मिनिटंही ठेवू नये.

जुलाब लागले तर जलसंजीवनीचं पाकीट आणावं, ते अंगणवाडीत, उपकेंद्रात मिळतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या अशाच पाण्यावर हजारो माणसं वाचवली. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ते कालवावं, आणि अंगावरचं दूध बंद करू नये. आणि बाळ मलूल झालं, दूध ओढेना, सहा-आठ तास ओलं झालं नाही, टाळू खोल गेली, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचं अंग १००.४ च्या वर तापलं, तर कांदा नको, ओवाळणं नको, सांजेची वाट नको. अंगावरचे कपडे कमी करून, पाजत पाजत, सावलीसावलीनं थेट दवाखाना गाठावा.

यातलं बहुतेक आजीला येत होतं. तिला येत नव्हतं ते आता डॉक्टर सांगतात. जाणकारी आता कमी नाही. कमी आहे ते जवळ बसणारं माणूस. सावली सरकली की झोळी सरकवणारं, फडकं ओलं करणारं, लंगोट मोजणारं. घरात ते असेल तर त्याचा मान ठेवावा. नसेल तर ग्रामसभेत उभं राहून मागावं. कामावर पाच मुलं असली की एक बाई, हा उपकार नाही, कायदा आहे. त्या बाईचं नाव मस्टरवर यावं, आणि नावापुढं पुरी मजुरी मांडली जावी.